क्लॅरनेटचं ओझं

दात काढायचे ठरले तेव्हा मोतीरामने डॉक्टरला एकच गोष्ट विचारली. "समोरचे वरचे ठेवता येत नाईत काय?"

डॉक्टर तरुण होता, अकोल्यात नवीनच दवाखाना टाकलेला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला दिसण्याची काळजी पडली आहे. तो म्हणाला, "बाबा, अशी कवळी बसवून देतो की लग्नात फोटो काढून घ्याल." क्लॅरनेट वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकलेले असतात, खालचा ओठ वेताच्या पातळ पत्तीखाली असतो आणि या दोघांच्या मध्ये सूर धरावा लागतो, हे त्या पोराला कुठून समजावायचं?

अकोटच्या गुलफाम ब्रास बँडमध्ये मोतीरामची उभी हयात गेली होती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके आणि वरातीत सगळ्यांच्या पुढे त्याचं क्लॅरनेट. आसपासच्या गावांत लग्न असलं आणि गुलफामचा बँड आलाय म्हटलं, की बाया नवरदेवाआधी मोतीराम मास्तरला पाहायला ओट्यावर यायच्या. पुढे डीजेच्या गाड्या आल्या. त्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे क्लॅरनेट कोणाला ऐकू येणार? बँड मोडला नाही, पण पाणी तुटलेल्या झाडासारखा वाळत गेला. मोतीराम बायकोला घेऊन अकोल्याला पोराकडे राहायला आला. पोरगा किशोर रेल्वेत होता, जठारपेठेतल्या घरून रोज बडनेऱ्याला जाऊन-येऊन नोकरी करायचा. संध्याकाळी मोतीराम अंगणात खुर्ची टाकून थोडा वेळ वाजवायचा. शेजारपाजाऱ्यांना त्याची सवय झाली होती. एखाद्या दिवशी वाजलं नाही तर समोरच्या घरातून विचारणा व्हायची, "बाबाची तब्येत बरी आहे ना?"

दातांचं ऐकून लीलाबाई, त्याची बायको, म्हणाली, "बरं झालं. रोजची कळ तं थांबन." तिचं बोलणं असंच. दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल लावून देणारी तीच होती, पण ते ती बोलून दाखवणाऱ्यातली नव्हती.

जेवणं आटोपली तशी सून आचल मोतीरामजवळ येऊन बसली.

"बाबा, दात काढाच्या आधी मले तुमचे सूर द्या."

"सूर का वाटीत काढून द्याचे असतेत?"

"तसंच समजा."

आचल अमरावतीची. माहेरी पेटी शिकलेली. कॉम्प्युटरवर संगीत रचायचं तिचं ती शिकली होती. मागच्या खोलीत किशोरचा जुना लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि दोन स्पीकर एवढ्यावर तिचं काम चालायचं. कोणाच्या दुकानाची जाहिरात, कोणाच्या शाळेचं गीत, अमरावतीच्या नाटकवाल्यांचं पार्श्वसंगीत. तिने सासऱ्याला नीट समजावून सांगितलं. सॅम्पलर नावाचा एक प्रोग्राम असतो. खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून त्यात भरून ठेवायचा. मग कीबोर्डची पट्टी दाबली की तोच सूर, त्याच माणसाने फुंकलेला, बाहेर येतो.

"बाजारात तयार क्लॅरनेट बी भेटते," ती म्हणाली. "पण थे कोण्या तरी साहेबानं वाजवलेलं असते, बाबा. त्यात वरात नाई."

हे 'वरात नाई' मोतीरामला पटलं. दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या गेल्या. खिडकी बंद, पंखा बंद. मोतीराम मध्ये बसला आणि खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एकेक सूर देत गेला. आधी हलका, मग मध्यम, मग भरगच्च. तेवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून, कारण आचल म्हणायची, "तोच सूर जसाच्या तसा लागोपाठ वाजला तं लोकांले लगेच कळते, का हे मशीन आहे." दुपारमागून दुपार हेच चाललं. दात हलत होते, कळ कानात जायची. मध्येच लीलाबाई मिठाचं कोमट पाणी आणून ठेवायची आणि दोघांकडे रागाने पाहून निघून जायची. एक गोष्ट मोतीरामच्या लक्षात आली होती. सूर संपला तरी आचल लगेच बटण दाबत नसे. तो क्लॅरनेट मांडीवर ठेवीपर्यंत ती थांबायची.

मग दात गेले. कवळी आली. हिरड्या बऱ्या झाल्यावर मोतीरामने एकदा, घरात कोणी नाही असं पाहून, क्लॅरनेट तोंडाला लावून पाहिलं. कवळी सरकली आणि नुसती हवा फुसफुसली. त्याने वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर ठेवली. संध्याकाळी समोरच्या घरातून विचारणा झाली तेव्हा लीलाबाईने बाहेरच्या बाहेर काहीतरी सांगून टाकलं.

सॅम्पलर तयार झाला तेव्हा आचलने हाताला धरून त्याला कीबोर्डपुढे बसवलं. हार्मोनियमची पेटी त्याला येत होती, बँडची गाणी तो आधी पेटीवरच बसवायचा. त्याने एक पट्टी दाबली. काहीच झालं नाही, आणि मग, बोट उचलायच्या बेतात असताना, सूर आला. सूर त्याचाच होता, त्यात शंका नव्हती. पण तो दाबल्यावर मागून येत होता.

"लॅपटॉप जुना आहे ना," आचल म्हणाली. "त्याले तयारीले जराक जास्त वेळ द्यावा लागते, नाई तं आवाज फाटते. म्हणून मागून येते."

मोतीरामने एक ओळ वाजवून पाहिली. बोटं पुढे धावत होती आणि सूर मागून लंगडत येत होता, जणू भिंतीपलीकडे दुसराच कोणी आपली नक्कल करतो आहे. तो उठला.

"छान केलं तू, बेटा. पण हे माह्या हातचं नाई."

त्यानंतर तो कीबोर्डला शिवला नाही. आचल काम करायला लागली की ओसरीवरच्या बाजेवर बसून ऐकायचा, तेवढंच.

दिवाळी झाली आणि अमरावतीहून काम आलं. पौर्णिमाताई नावाच्या एक बाई तिथे मुलांची नाटकं बसवायच्या. नव्या नाटकात माकडाचं लग्न होतं आणि माकडाची वरात. ताईंना वरातीला खरा बँड हवा होता, पण खरा बँड रंगमंचावर मावणार नव्हता. आचल एकदम खुलली. तिने चार क्लॅरनेट घेतली, चारही मोतीरामचीच. ट्रंपेट घेतले, मोठा ढोल, छोटा ड्रम, झांजा. कितीतरी दिवस मागच्या खोलीतून तुकड्यातुकड्याने वरात ऐकू येत होती आणि बाजेवर बसलेल्या मोतीरामचा पाय आपोआप ताल धरत होता.

पण सगळे तुकडे जोडून पूर्ण वरात लावली की लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा. ढोल वाजायचा, ट्रंपेट वाजायचे आणि क्लॅरनेट आत शिरली की कर्र, कर्र असा फाटका आवाज येऊन सगळं ठप्प. आचल पुन्हा लावायची. पुन्हा तिथेच कर्र.

पहिल्यांदा मोतीरामला वाटलं, लाईटचा काही दोष असेल. मग त्याने लक्ष देऊन ऐकलं. नुसता ढोल फाटत नव्हता. ट्रंपेट फाटत नव्हते. दरवेळी क्लॅरनेट आलं की फाटायचं.

एका दुपारी आचल फोनवर बोलत होती. दार अर्धवट उघडं होतं.

"नाई ताई, बाकी सारं बरोबर वाजते. बाबांच्या क्लॅरनेटनंच अडते. त्याचंच लय ओझं होऊन राहिलं. थे काढून टाकलं तं काहीच तरास नाई... पण काढू कशी मी?"

मोतीराम बाजेवर तसाच बसून राहिला. मनात त्याला सगळं एकदम लख्ख दिसलं. रेकॉर्डिंगच्या वेळी दात हलत होते. पकड सुटत होती. कडेने हवा निसटत होती, ते त्याला त्याही वेळी कळलं होतं. त्याला वाटलं होतं, मशीनच्या ध्यानात यायचं नाही. आता ते दहापट होऊन बाहेर पडत होतं, आणि पोरगी मोठी गुणाची, सासऱ्याला तोंडावर सांगायचं कसं म्हणून एकटीच झुरत होती.

त्याला तिचा राग आला नाही. उलट तिचीच कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टोपी घातली आणि लीलाबाईला म्हणाला, "अकोटले जाऊन ताहेरले भेटून येतो."

"असं अचानक?"

"अचानक काय, लय दिवस झाले."

अकोटची एसटी कापसाच्या दिवसांत भरून जाते. मोतीराम खिडकीशी बसला. रस्त्याने जिनिंगकडे जाणारे कापसाचे ट्रक लागत होते, झुडपांना पांढरे पुंजके अडकलेले होते. त्याने मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं, ते तो पुन्हा पुन्हा घोकत होता.

ताहेर म्हणजे गुलफाममियांचा मुलगा. ज्यांच्या नावाने बँड होता त्यांचा. पण बापाने त्याला मालकाचा पोरगा म्हणून कधी पुढे उभं केलं नाही. पुढे मोतीराम, त्याच्या डाव्या हाताला ताहेर. पहिलं क्लॅरनेट याचं, दुसरं त्याचं. आता ताहेर जिनिंगजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि अधूनमधून एखाद्या उरुसात किंवा लग्नात वाजवायचा. मोतीरामला पाहून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर? पाय वाट कसे चुकले?"

घरात नेऊन बसवलं. हलीमाबी, ताहेरची बायको, चहा घेऊन आली. लीलाबाईची, सुनेची खुशाली विचारून झाली. मग मोतीरामने विचारलं, "तुहे दात शाबूत आहेत का रे?"

ताहेरने हलीमाबीकडे पाहिलं. "हे विचाराले आला तू अकोल्याहून?"

"सांग ना."

"आहेत. भाजलेले हरभरे खातो अजून."

"मंग माह्या संगं चाल. सुनेले सूर पायजेत. माहे खराब निघाले."

ताहेरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुहे सूर अन् खराब?"

"दात हालत होते बावा. हवा निसटून गेली. पोरीचं सारं काम अडलं. थे बिचारी बोलत नाई, पण मी माह्या कानानं आयकलं."

जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं यापेक्षा लांब होतं, पण एवढंच तोंडून निघालं. ताहेर उठला, फडताळातून आपली क्लॅरनेटची पेटी काढली आणि म्हणाला, "हलीमा, मास्तरचा हुकूम झाला. अकोल्याले जाऊन येतो."

ते दोघं जठारपेठेत पोहोचले तेव्हा आचल दुपारचं जेवून उठतच होती. मोतीरामने चप्पलही काढली नाही. उभ्याउभ्याच बोलला.

"बेटा, हा ताहेर. माह्या बाजूनं वाजवायचा. याचा सूर माह्यासारखाच आहे, कुठी कुठी माह्याहून चांगला. याचे दात बी बरोबर आहेत. गोधड्या टांग अन् याचे सूर भरून घे. माहे काढून टाक. मले काई वाटनार नाई."

आचलला काही कळेना. तिने ताहेरकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. ती हळूच पाटावर बसली.

"बाबा, तुमी माहं फोनवरचं आयकलं काय?"

मोतीराम चपलेकडे पाहत राहिला.

"चाला," ती म्हणाली. "दोघंबी चाला आत."

तिने बाकी सगळी वाद्यं बंद केली आणि वरातीतलं एकच क्लॅरनेट चालू ठेवलं. आवाज मोठा केला. मागच्या खोलीत मोतीराम मास्तर वाजवायला लागला. ओळ वर चढली, वर जराशी रेंगाळली, घरंगळत खाली आली. कुठे फाटलं नाही, कुठे अडकलं नाही. ताहेर मान तिरपी करून ऐकत होता.

"यात हवा कुठी निसटून राहिली?" तो म्हणाला. "मले तं सापडून नाई राहिली."

दात गेल्यापासून मोतीरामने आपलं क्लॅरनेट असं एकटं, न अडखळता ऐकलं नव्हतं.

"सूर सोन्यासारखे आहेत, बाबा," आचल म्हणाली. "ओझं म्हणजे या लॅपटॉपले ओझं. पाहा, पंगत मोठी आहे अन् वाढणारी एकटी. साऱ्यांले गरम पोळी एकाच वेळी पायजे. थे पळून पळून किती पळन? एखाद्याचं ताट रिकामं राहूनच जाते. थे रिकामं ताट म्हणजे हे कर्र. तुमच्या एकेका सुराच्या मी कितीक नकला भरल्या, हलका, मध्यम, जोराचा. त्याचे चार क्लॅरनेट. सारं याले एकाच क्षणात आणून द्यावं लागते. दुसरी वाद्यं हलकीफुलकी आहेत, तयार घेतलेली. तुमचं एकट्याचंच एवढं भरून ठेवलं मी."

"मंग कमी काहून नाई करत?"

"जमलं तेवढं केलं. चारहीले वेगवेगळा घुमारा लावला होता, तो काढून साऱ्यांले मिळून एकच लावला. बाकीचं बी केलं." ती पडद्याकडे वळली. "एक नाई केलं."

तिने पडद्यावर एका सुराचं चित्र मोठं करून दाखवलं. सुरुवातीला जाड, भरलेली पट्टी, ती सुराची. तिच्यामागे लांबच लांब, केसासारखी बारीक रेघ. तिने त्या रेघेचा आवाज वाढवून लावला. आधी क्लॅरनेटच्या चाव्यांची टकटक. मग मोतीरामने सोडलेला दम, लांब, थकलेला. मग घशातलं एक हलकं 'हं'. दुसऱ्या एका सुराच्या मागे दुरून लीलाबाई म्हणत होती, पाणी ठेवलं, थंडं करू नोका.

"हे हरेक सुराच्या मागं आहे," आचल म्हणाली. "वरातीत कोणाच्याच कानावर येत नाई. पण लॅपटॉपले वाहावं लागते. सूर सुटला तरी हे मागं चालू राहते, त्याच्यावर दुसरा सूर, त्याच्यामागं त्याचं. ढीग लागते. हे कापलं तं अर्धं ओझं उतरन. मले पहिल्या दिवसापासून माईत आहे."

"मंग?"

"हात नाई झाला."

ताहेर खिडकीकडे पाहायला लागला. मोतीराम चित्रातल्या त्या बारीक रेघेकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "बेटा, वरातीत मास्तर दम सोडते, थो कोणाले आयकू येते काय?"

"कोणालेच नाई."

"मंग काप."

"तुमचा दम आहे बाबा थो."

"माहा दम माह्यापाशी आहे ना अजून," मोतीराम म्हणाला. "थ्या डब्याले काहून वाहाले लावतं?"

आचल हसली आणि पदराने नाक पुसलं. मूळ रेकॉर्डिंग ती वेगळ्या ठिकाणी जसंच्या तसं ठेवणार होती, तसं तिने दोघांना दाखवलंही. मग कामाच्या नकलेवर तिने कात्री चालवायला घेतली. एकेका सुराची शेपटी ती कापायची, कडा हलकेच विरवायची, म्हणजे सूर तुटल्यासारखा वाटू नये. मोतीराम खुर्ची ओढून बाजूला बसला. एखादी शेपटी कापायच्या आधी तो म्हणायचा, "थांब, आयकू दे," आणि ऐकून मान हलवायचा.

मग ताहेरला तोंड फुटलं. "बेटी, हे चौघं हरघडी संगंच फुंकून राहिले. असं नसते."

"मंग कसं असते, काका?"

"एक दम घेते तवा दुसरा सूर धरून ठेवते. चौघं संगं फक्त शेवटी, नवरदेव मांडवापाशी आला का. तवर दोघं दोघं."

मोतीराम म्हणाला, "अन् वरातीत हळू कोण फुंकते? थे हलके सूर इथी कामाचेच नाईत."

आचलने वहीत लिहून घेतलं नाही, लगेच करूनच पाहिलं. हलके सूर या कामापुरते उतरवून ठेवले. चौघांच्या जागा दोघा-दोघांत वाटल्या. एका वेळी किती सूर वाजू द्यायचे याला बांध घातला. ढोल-झांजा आणि ट्रंपेट यांचं आता काही बदलायचं नव्हतं, तेव्हा त्यांचं तिने साधं, पक्कं रेकॉर्डिंग करून टाकलं. "हे आता शिजवाचं काम नाई," ती म्हणाली, "फक्त वाढाचं." पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरवरचा भार दाखवणारी एक पट्टी होती. इतके दिवस ती लाल असायची. ती उतरत उतरत हिरवी झाली, आणि पंख्याची घरघर केव्हा थांबली ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

लीलाबाई चहा घेऊन आली. "काय करून राहिले तिघं?"

"ओझं उतरवून राहिलो," ताहेर म्हणाला.

"इतकं हमालीचं काम असन तं पोहे टाकतो," म्हणून ती गेली.

मग आचलने पहिल्यापासून वरात लावली. ढोल आला, ट्रंपेट आले. क्लॅरनेटची जागा जवळ आली तसा मोतीरामने खुर्चीचा हात घट्ट धरला. क्लॅरनेट आली. दोन, मग दुसरी दोन, मग पुन्हा पहिली. माकडाची वरात गल्लीतून वळली, चौकात नाचली, मांडवापाशी चारही क्लॅरनेट एकदम उठली आणि वरात संपली. एकदाही कर्र झालं नाही.

आचलने माऊस हलवला, काहीतरी आकडा खाली आणला आणि कीबोर्डपुढची खुर्ची रिकामी केली.

"बसा बाबा."

"मले नोको."

"आता याले तयारीले तेवढा वेळ लागत नाई. एकदा बसून पाहा."

तो बसला, सुनेचं मन मोडू नये म्हणून. एक पट्टी दाबली. सूर बोटाखालीच होता. दाबला आणि आला. मोतीरामने बोट उचललं, पुन्हा दाबलं. जोरात दाबलं तर भरून आला, हळू दाबलं तर मधल्या सुरातच नरम झाला. तो पट्ट्यांकडे पाहत राहिला. मग दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं आणि एक ओळ वाजवली. वाजवता वाजवता त्याचे ओठ नकळत मिटले आणि गाल फुगले.

मागे पेटीची कडी वाजली. ताहेरने क्लॅरनेट जोडून पत्ती जिभेने ओली केली आणि तो नेहमीच्या जागी, मोतीरामच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. मोतीरामने मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या ओळीला ताहेर खालून शिरला, इतकी वर्षं शिरायचा तसा, सावलीसारखा. बोटं मध्येच चुकत होती. क्लॅरनेटच्या हाताची पट्ट्यांची सवय सुटली होती. चुकलं की मोतीराम मागून पुन्हा धरायचा आणि ताहेर थांबून राहायचा.

लीलाबाई पोह्यांची ताटली हातात घेऊन दारात उभी राहिली ती तशीच. थोड्या वेळाने किशोर बडनेऱ्याहून आला, खांद्यावरची बॅग न उतरवता आईच्या मागे थांबला. "कोण वाजवून राहिलं?" त्याने हळू विचारलं. समोरच्या घरची बाई फाटकाशी आली होती. तिला लीलाबाईने हातानेच, बरं आहे, असं सांगितलं.

वाजवणं थांबलं तेव्हा आचल म्हणाली, "बाबा, मी हे रेकॉर्ड केलं. नाटकात हेच घालू?"

"छे. ताहेरनं खालचा सूर सोडला त्यात."

"मी नाई सोडला. तू आधी पळाला," ताहेर म्हणाला.

"मंग पुन्हा घ्या," आचल म्हणाली, आणि दोघांनी पुन्हा घेतलं. पोहे थंड झाले. ताहेरची अकोटची गाडी गेली तेव्हा हलीमाबीला फोन लावून सांगावं लागलं की मास्तरने आज सोडलं नाही.

नाटकाचा प्रयोग अमरावतीला, एका शाळेच्या सभागृहात झाला. आचल पुढे आवाजाच्या टेबलापाशी होती; दोघांनी मिळून वाजवलेलं तिने वरातीत घातलं होतं. मोतीराम, लीलाबाई, ताहेर आणि हलीमाबी चौघं मधल्या रांगेत बसले. शेपट्या लावलेली पोरं रंगमंचावर आली आणि वरात सुरू झाली. सभागृहभर क्लॅरनेट घुमलं. लीलाबाई ऐकत होती. मग तिने नवऱ्याच्या कानाशी विचारलं, "हे तुमी वाजवून राहिले का ताहेरभाऊ?"

मोतीरामने कान दिला. एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली. त्यालाही नक्की सांगता येईना.

"दोघंबी," तो म्हणाला.

पुढच्या रांगेतली एक लहान पोरगी खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली होती. तिच्यामुळे त्याला अर्धा रंगमंच दिसेनासा झाला. तिची आई तिला खाली ओढायला वळली, तर मोतीरामने हात हलवून तिला राहू द्यायला सांगितलं.